व्यापारचिन्हाचे मालक आणि नोंदवहीचे वाचक : हस्तांतराच्या नोंदीचा इतिहास

१

व्यापारचिन्हाच्या कल्पनेत आरंभापासून एक विसंगती दडलेली आहे. वस्तू कोणाकडून आली हे सांगणे, हे चिन्हाचे मूळ कार्य. परंतु चिन्हाची मालकी एका घराण्याकडून दुसऱ्या घराण्याकडे, एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाते, तेव्हा चिन्ह बदलत नाही. ते बदलू नये, ग्राहकाने जुन्याच विश्वासाने नव्या मालकाचा माल घ्यावा, यासाठीच तर नवा मालक किंमत मोजत असतो. म्हणजे उगम सांगण्यासाठी जन्मलेली खूण उगम बदलला तरी तेच सांगत राहते. बाजारात हा बदल सहसा दिसत नाही. तो निश्चितपणे वाचता येईल अशी जागा एकच : व्यापारचिन्ह निबंधकाची नोंदवही.

ही नोंद कोणासाठी केली जाते, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. नोंदवहीला दोन संभाव्य वाचक आहेत. पहिला ग्राहक, त्याला नावामागे आता कोण उभा आहे हे कळणे आवश्यक असते. दुसरा चिन्हाचा भावी खरेदीदार. त्याला विक्रेत्याचा हक्क निर्वेध आहे की नाही एवढेच जाणून घ्यायचे असते. इंग्लंडमधील १८७५ च्या कायद्यापासून भारतातील २०१० च्या दुरुस्तीपर्यंतचा इतिहास पाहिला, तर कायद्याचे लक्ष पहिल्या वाचकावरून दुसऱ्याकडे क्रमाक्रमाने सरकलेले दिसते. हा प्रवास केवळ विधिशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय नाही. नाव आणि कर्ता यांचा संबंध हा साहित्याच्या तौलनिक अभ्यासाचाही जुना विषय आहे.

मराठी संतकाव्यातील नाममुद्रा ह्या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. अभंगाच्या अखेरीस येणारे कवीचे नाव ही एका अर्थी उगमाचीच खूण होय. परंतु ती कोणाच्या मालकीची नव्हती आणि तिचे हस्तांतर कोणत्याही दस्ताने होत नव्हते. नामदेवांच्या नावावर चालत आलेल्या गाथेत विष्णुदास नामा ह्या उत्तरकालीन कवीच्या रचना मिसळल्या गेल्या, आणि त्या वेगळ्या काढण्याचे काम पुढे भाषिक व हस्तलिखितविषयक पुराव्यांच्या आधारे संशोधकांना करावे लागले. नाव तेच आणि कर्ता दुसरा, ही स्थिती तेथे परंपरेने निर्माण केली. व्यापारात ती खरेदीखताने निर्माण होते. तेथे संहिताचिकित्सकाचे काम नोंदवही करते, निदान तिने ते करावे अशी अपेक्षा असते. ह्या अपेक्षेचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी प्रथम इंग्लंडकडे वळावे लागते. कारण भारतीय कायद्याचा साचा तेथूनच आला.

२

नोंदणीची व्यवस्था निर्माण होण्यापूर्वी इंग्लंडमधील न्यायालयांपुढे हस्तांतराचा प्रश्न आला तो सत्यासत्याच्या रूपात. लेदर क्लॉथ कंपनी विरुद्ध अमेरिकन लेदर क्लॉथ कंपनी हा खटला ह्या दृष्टीने मूलभूत आहे. क्रॉकेट ह्या नावाशी निगडित असलेला कातडीसदृश कापडाचा धंदा, त्याच्या शिक्क्यासह, वादी कंपनीने विकत घेतला होता. शिक्क्यावर माल क्रॉकेट यांनी बनवल्याचा आणि तो कमावलेला व पेटंट घेतलेला असल्याचा उल्लेख होता. नव्या मालकाने शिक्का जसाच्या तसा वापरात ठेवला आणि प्रतिस्पर्ध्याने त्याचे अनुकरण करताच न्यायालयात धाव घेतली. चिन्हावरील अधिकार हा मालमत्तेचा अधिकार आहे, अशी भूमिका लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी यांनी १८६३ मध्ये मांडली. तरीही मनाई हुकूम मात्र नाकारला. १८६५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तोच निर्णय कायम केला. कारण असे, की शिक्का आता असत्य बोलत होता. क्रॉकेटच्या हातात असताना जे विधान खरे होते, तेच विधान खरेदीदाराच्या हातात दिशाभूल करणारे ठरले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ह्या निर्णयात एक परिचित तत्त्व ओळखू येईल. विधानाची सत्यता केवळ त्याच्या शब्दांवर अवलंबून नसते, ते कोण उच्चारतो यावरही ती अवलंबून असते. न्यायालयाने शिक्क्याला वस्तू न मानता वाक्य मानले, आणि वक्ता बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो हे ओळखले. पुढील दीडशे वर्षांत कायद्याने हळूहळू बाजूला सारली ती हीच जाणीव.

१८७५ च्या इंग्लिश कायद्याने नोंदवही निर्माण केली. १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली आणि बास ह्या मद्यनिर्मात्यांच्या तांबड्या त्रिकोणाला पहिला क्रमांक मिळाला. ह्या कायद्याने हस्तांतराला मान्यता दिली ती एका अटीवर : चिन्ह धंद्याच्या नावलौकिकासहच सोपवता येईल, एरवी नाही. ज्या घराने ते नाव कमावले, ते घर, त्याचे गिऱ्हाईक आणि त्याची कामाची रीत ह्यांच्याबरोबरच नाव पुढे जाईल, असा ह्या अटीचा आशय होता. १८९१ मध्ये पिंटो विरुद्ध बॅडमन ह्या सिगारच्या चिन्हाविषयीच्या खटल्यात अपील न्यायालयाने तो कठोरपणे लागू केला. धंदा न घेता केवळ चिन्ह विकत घेणाऱ्याला त्या चिन्हाचा हक्क मिळत नाही, असे तेथे ठरले. ह्या कालखंडातील नोंदवहीचा अभिप्रेत वाचक कोण होता, हे ह्यावरून स्पष्ट होते. ग्राहकाची फसगत होऊ नये, हीच हस्तांतराची मर्यादा होती.

१९३८ च्या ब्रिटिश कायद्याने ही मर्यादा सैल केली. नोंदणीकृत चिन्ह नावलौकिकासह किंवा नावलौकिकाविना, दोन्ही प्रकारे सोपवता येऊ लागले. चिन्ह घरापासून अलग करता येणारी वस्तू झाली. ह्या बदलाचे दूरचे परिणाम पाहायचे असतील, तर त्याच पहिल्या क्रमांकाच्या त्रिकोणाकडे पाहावे. मानेच्या १८८२ मधील फोली-बेर्जेरच्या मद्यगृहाच्या चित्रात तो बाटल्यांवर दिसतो. जॉइसच्या ‘युलिसिस’ ह्या १९२२ च्या कादंबरीतही तो ब्लूमच्या नजरेस पडतो. चित्र आणि कादंबरी यांतला त्रिकोण ज्या घराकडे निर्देश करत होता, त्या घराने २००० मध्ये आपला मद्यनिर्मितीचा धंदा बेल्जियमच्या इंटरब्रू कंपनीला विकला. २००२ मध्ये बर्टन येथील कारखाने अमेरिकेच्या कूर्स कंपनीकडे गेले, नाव व चिन्ह मात्र इंटरब्रूकडे राहिले. घर एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे. त्रिकोणाच्या रेषांमध्ये ह्यातले काहीच उमटलेले नाही.

३

भारतात १९४० पूर्वी व्यापारचिन्हांची स्वतंत्र नोंदणी नव्हती. खोट्या चिन्हांविरुद्ध भारतीय दंडसंहितेतील तरतुदी आणि १८८९ चा व्यापारी मालावरील चिन्हांविषयीचा कायदा उपलब्ध होता; मालकीचा निवाडा मात्र इंग्लिश न्यायतत्त्वांच्या आधारे दिवाणी न्यायालये करत. व्यापाऱ्यांनी ह्या उणिवेतून स्वतःची वाट काढली होती. दस्तनोंदणीच्या १९०८ च्या कायद्याखाली आपल्या मालकीचे प्रतिज्ञापत्र नोंदवून ठेवायचे आणि वर्तमानपत्रांत इशाऱ्याची जाहीर सूचना द्यायची, अशी प्रथा पडली होती. ही नोंद म्हणजे एकतर्फी कथन होते. ते तपासणारा अधिकारी नव्हता आणि त्याला हरकत घेण्याची रीतही नव्हती. परंतु चिन्ह आपले आहे हे आधी लोकांसमोर उच्चारले पाहिजे, ही जाणीव त्यात होती.

ह्या व्यवहाराचे मोठे क्षेत्र कापडाचे होते. मँचेस्टरहून येणाऱ्या आणि पुढे मुंबई व अहमदाबादच्या गिरण्यांतून निघणाऱ्या ताग्यांवर देवदेवता, पशुपक्षी, राजेरजवाडे यांची रंगीत तिकिटे चिकटवलेली असत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक त्या चित्रावरूनच माल ओळखे आणि चित्राच्याच नावाने मागे. तिकीट नेहमी गिरणीचेच असे असेही नाही. पुष्कळदा ते माल पाठवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या पेढीचे असे. चित्र तेच ठेवून पेढीने दुसऱ्या गिरणीचा माल घेतला, तर ग्राहकाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसे. लिपीबाहेरच्या वाचकासाठी असलेल्या ह्या खुणेच्या मालकीचा पुरावा मात्र पूर्णतः लिखित होता, आणि तोही बहुधा इंग्रजीत. चिन्हाचा वाचक आणि नोंदीचा वाचक ह्या भिन्न भाषांमध्ये वावरणाऱ्या दोन व्यक्ती होत्या. भारतीय नोंदवहीच्या इतिहासातील हे अंतर पुढेही पुरते मिटले नाही.

१९४० च्या व्यापारचिन्ह कायद्याने प्रथमच देशव्यापी नोंदवही आली. आरंभी हे काम कलकत्त्याच्या पेटंट कार्यालयाशी जोडलेले होते. १९४३ च्या दुरुस्तीने ते वेगळे करून मुंबईत स्वतंत्र निबंधकाकडे सोपवण्यात आले. कापडाच्या चिन्हांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतुदी होत्या. महत्त्वाची बाब अशी, की भारताने हा कायदा स्वीकारला तो १९३८ च्या ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर. चिन्ह घरापासून अलग करता येत नाही ह्या नियमाखाली नोंदवहीचा जो दीर्घ कालखंड इंग्लंडने अनुभवला, तो भारतीय नोंदवहीच्या वाट्याला आलाच नाही. येथे नोंदवही जन्मली तीच अलग करता येणाऱ्या चिन्हासाठी.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५५ च्या अहवालाच्या पार्श्वभूमीवर १९५८ चा व्यापार व व्यापारी माल चिन्ह कायदा झाला आणि तो २५ नोव्हेंबर १९५९ पासून अमलात आला. त्याची जागा १९९९ च्या कायद्याने घेतली. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. १९५८ च्या कायद्यात अनोंदणीकृत चिन्ह नावलौकिकाविना सोपवण्यावर बंधने होती. १९९९ च्या कायद्याच्या कलम ३९ ने ती दूर केली. नाव आणि घर यांमधली उरलीसुरली गाठही अशा रीतीने सुटली.

४

हस्तांतर कायद्याच्या भाषेत दोन प्रकारचे असते. लेखी दस्ताने हक्क सोपवणे म्हणजे अभिहस्तांकन. वारसा, मृत्युपत्र किंवा कायद्याच्या क्रियेने हक्क दुसऱ्याकडे जाणे म्हणजे संक्रमण. दोन्ही प्रसंगी नव्या मालकाने निबंधकाकडे अर्ज करून आपले नाव नोंदवून घ्यायचे असते. ह्यासाठी पूर्वी २३ व २४ क्रमांकांचे नमुने होते. पहिला जुन्या आणि नव्या मालकाने मिळून करावयाचा, दुसरा एकट्या नव्या मालकाने. २०१७ च्या नियमांनी नोंदणीनंतरच्या सर्व बदलांसाठी टीएम-पी हा एकच नमुना आणला. नोंदीत येते ते इतकेच : नव्या मालकाचे नाव व पत्ता, हस्तांतराचा दिनांक, सोपवलेल्या हक्काचे वर्णन, हस्तांतराचा आधार आणि नोंद घेतल्याचा दिनांक. घर का विकले गेले, भाऊ का वेगळे झाले, कारखाना कोणत्या कर्जापायी गेला, यांपैकी काहीही तेथे येत नाही. ‘कोण’ आणि ‘केव्हा’ एवढेच ही वही विचारते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे जमिनीच्या फेरफाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीचा हक्क बदलला की त्यात नोंद होते, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार त्या नोंदीची प्रत तलाठ्याने चावडीत ठळक जागी लावायची असते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. ती झाल्याची दखल घेतली जाते. व्यापारचिन्हाच्या नोंदीचे स्वरूपही असेच आहे. मालकी दस्ताने जाते, नोंद तिचा पुरावा असते. मोदी थ्रेड्स विरुद्ध सोम सूत गोला फॅक्टरी ह्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हस्तांतराची नोंद प्रलंबित असतानाही नव्या मालकाला चिन्हाचे संरक्षण मागण्याचा अधिकार मान्य केला, तो ह्याच तत्त्वावर.

तथापि नोंद न करण्याचे परिणाम कायद्याने वेळोवेळी वेगळे ठरवले, आणि नोंदवहीच्या बदलत्या वाचकाचा माग तेथेच लागतो. १९५८ च्या कायद्यात आणि १९९९ च्या कायद्याच्या मूळ कलम ४५ मध्ये असा नियम होता, की नोंद न झालेला दस्त, न्यायालयाने अन्यथा निर्देश दिल्याखेरीज, मालकीचा पुरावा म्हणून स्वीकारला जाणार नाही. नोंद नाही तर न्यायासनासमोर आवाज नाही, असा त्याचा मथितार्थ. २०१० च्या दुरुस्तीने, जी ८ जुलै २०१३ पासून अमलात आली, हे कलम बदलले. नव्या तरतुदीनुसार नोंदीसाठी अर्ज होईपर्यंत हस्तांतर निष्प्रभ ठरते ते अशा व्यक्तीविरुद्ध, जिने त्या हस्तांतराची माहिती नसताना त्याच चिन्हात परस्परविरोधी हितसंबंध संपादन केला आहे. ह्या वाक्यातील अज्ञात व्यक्ती कोण, हे पाहणे उद्‌बोधक आहे. ती साबण किंवा सूत विकत घेणारी व्यक्ती नव्हे. ती चिन्हच विकत घेणारी किंवा त्यात हक्क मिळवणारी व्यक्ती आहे. नोंदीच्या अभावाचा परिणाम ठरवताना कायद्याच्या नजरेसमोर आता हाच वाचक आहे.

५

पहिल्या वाचकाची आठवण कायद्यात अगदीच उरलेली नाही असे नाही. कलम ४२ नुसार चिन्ह नावलौकिकाविना सोपवले गेले, तर नव्या मालकाने सहा महिन्यांच्या, आणि मुदतवाढ मिळाल्यास आणखी तीन महिन्यांपर्यंतच्या मुदतीत निबंधकाकडे जाऊन हस्तांतराच्या जाहिरातीविषयी निर्देश मागायचे आणि त्यांनुसार जाहिरात द्यायची असते. तसे न केल्यास हस्तांतर परिणामकारक होत नाही. कलम ४० आणि ४१ त्याच जाणिवेतून आलेली आहेत. एकच चिन्ह एकाच मालासाठी अनेकांच्या स्वतंत्र हक्कात जाऊन संभ्रम निर्माण होईल, किंवा देशाच्या निरनिराळ्या भागांत त्याचे निरनिराळे मालक होतील, अशा हस्तांतराला ही कलमे अटकाव करतात. नाव प्रांतांत वाटले जाऊ नये, ह्या आग्रहामागे ज्याच्यासाठी ते नाव अखंड राहायला हवे, तो प्रांताप्रांतांतून फिरणारा ग्राहक आहे.

आडनाव आणि चिन्ह एकरूप होतात तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ह्याचे मराठी जगातील ठळक उदाहरण किर्लोस्कर हे नाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरावर ते आले, १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीला ते मिळाले, आणि १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’ ह्या पत्रिकेवाटे ते मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही शिरले. कारखान्याची खबर देणारे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ ह्या नावाने मध्यमवर्गाचे वाङ्मयीन मासिक झाले. कुलनाम, अवजार, गाव आणि मासिक ह्या चारही ठिकाणी वावरलेल्या ह्या नावाचे व्यापारी हक्क कालांतराने किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड ह्या स्वतंत्र कंपनीकडे एकत्र आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयात ह्या नावाला केवळ आडनावापलीकडचा, विशिष्ट उद्योगसमूहाशी जोडलेला अर्थ प्राप्त झाल्याचे मान्य करण्यात आले. जन्माने मिळणारे नाव आणि नोंदीने मिळणारे नाव यांच्या संघर्षात दुसऱ्याचे पारडे जड ठरले. साहित्याच्या इतिहासकाराला मात्र तेच नाव तिसऱ्याच अर्थाने परिचित आहे, आणि त्या अर्थासाठी व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत रकाना नाही.

दुसरे उदाहरण शीतपेयांच्या बाजारातले. १९७७ मध्ये भारतातून गेलेली कोका-कोला कंपनी १९९३ मध्ये परतली, तेव्हा तिने पार्ले समूहाकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावे घेतली. बाटल्यांवरची नावे तीच राहिली. पिणाऱ्याच्या लेखी काही घडले नाही. हस्तांतराची खरी व्याप्ती वादाचा विषय झाली ती पंधरा वर्षांनी. भारतापुरते ‘माझा’ हे नाव विकलेल्या पक्षाशी संबंधित कंपनीने २००८ मध्ये तुर्कस्तानात ते नोंदवण्यासाठी अर्ज केला, आणि २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध अंतरिम मनाई दिली. एका देशाच्या सीमेत सोपवलेले नाव त्या सीमेबाहेर कोणाचे, असा तो प्रश्न होता. मराठी कानाला जे नाव स्वामित्वदर्शक सर्वनामासारखे ऐकू येते, त्याच्याच स्वामित्वाचा हा वाद असावा, हा भाषेने साधलेला योगायोग.

६

ह्या इतिहासातून साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावयाचे निष्कर्ष दोन. पहिला साधनांविषयीचा. जाहिराती, कापडाची तिकिटे, काडेपेट्यांवरील चित्रे आणि नियतकालिकांची मुखपृष्ठे आता लोकसंस्कृतीच्या अभ्यासात साधन म्हणून वापरली जातात. परंतु त्यांवरील नाव दीर्घकाळ तेच आहे, म्हणून त्यामागील कर्ताही तोच आहे, असे गृहीत धरणे म्हणजे नाममुद्रेवरून कवी ठरवण्याचीच चूक पुन्हा करणे होय. मुंबईत मुख्यालय आणि दिल्ली, कोलकाता, चेन्नई व अहमदाबाद येथे शाखा असलेल्या निबंधक कार्यालयाच्या नोंदींचा शोध आता संगणकावर घेता येतो. चिन्हाचा इतिहास लिहिताना ह्या नोंदी आणि चिन्हाचे दृश्य रूप, दोन्ही एकत्र वाचायला हवीत.

दुसरा निष्कर्ष संकल्पनेविषयीचा. १८६५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शिक्क्याला वाक्य मानले आणि त्याला खरे-खोटेपणाची कसोटी लावली. आजच्या कायद्यात चिन्ह प्राधान्याने मालमत्ता आहे, आणि मालमत्तेच्या बाबतीत खरे-खोटे विचारले जात नाही. ती कोणाची एवढेच विचारले जाते. ह्या स्थित्यंतरामुळे व्यापार सुलभ झाला यात शंका नाही. अडचणीत आलेल्या घराला आपल्या नावाचे मोल पदरात पाडून घेता आले, आणि बुडणाऱ्या धंद्याबरोबर नाव बुडण्याचेही टळले. पण नावावर विसंबणाऱ्याला नावामागचा माणूस बदलल्याचे कळण्याचा जो अधिकार हस्तांतराच्या मर्यादेच्या मुळाशी होता, तो आता कलम ४२ च्या जाहिरातीपुरता उरला आहे. ती जाहिरातही तेव्हाच द्यावी लागते, जेव्हा नाव घराविना जाते. फेरफाराची प्रत निदान चावडीत लागते, जेथे गावाचा वावर असतो. चिन्हाचा फेरफार अशा वहीत होतो, जी सर्वांसाठी खुली असूनही माल घेणारा सहसा उघडत नाही.